दुष्काळाचं पुस्तक कुठल्या रॅकला?

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयात जा आणि 'दुष्काळावरची पुस्तकं दाखवा' म्हणा. ग्रंथपाल मुरलेला असेल तर तो उलट तुम्हालाच विचारेल, "दुष्काळातलं नेमकं काय पाहिजे?" तुम्हाला वाटेल, टाळतोय. तसं नसतं. पाऊस दडी का मारतो हे सांगणारं पुस्तक 551.5773 या नंबरला असतं. टँकर आणि मदतकार्य यांवरचं 363.34929 ला. ठिबक आणि पिकाला पाणी द्यायच्या पद्धती 631.587 ला, धरणांची बांधणी 627.8 ला, आणि नदीतलं पाणी कुणाच्या वाट्याला किती यावं हा वर्षानुवर्षांचा वाद 333.91 ला. दुष्काळात गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्या घराची कादंबरी असेल तर ती यांतल्या कुठेच नाही. ती मराठी कादंबऱ्यांत, 891.463 ला.

म्हणजे आपल्याला जो एकच विषय वाटतो तो ग्रंथालयात सहा ठिकाणी विखुरलेला. हे बघून माणूस चक्रावतो आणि रॅकचा नाद सोडून देतो. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेल्या असतात. त्याच इमारतीत पलीकडच्या खोलीत पुस्तकांचे रॅक असतात, पण तिकडे जाणारा विरळाच. गेला तरी पुस्तकांच्या कण्यावरचे आकडे बघून परत येतो. ते आकडे काय सांगतात, ते कुणी ठरवले आणि आपल्या कामाचे आहेत का, एवढंच इथे बघू.

दोनच शब्द आधी समजून घेऊ. पुस्तकाचा विषय ठरवून त्याची जागा पक्की करणं म्हणजे वर्गीकरण, आणि त्या विषयाचा जो आकडा कण्यावर चिकटवतात तो वर्गांक. (सार्वजनिक वाचनालयाच्या पाटीवर 'ब वर्ग', 'क वर्ग' लिहिलेलं असतं, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तो सरकारी अनुदानासाठी वाचनालयाला दिलेला दर्जा आहे.)

## आलं तसं ठेवलं तर?

सगळ्यात सोपी पद्धत हीच आणि कित्येक छोट्या वाचनालयांत आजही ती चालते. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याची ओळ पडते: तारीख, नाव, लेखक, किंमत, कुणाकडून घेतलं. त्या ओळीचा अनुक्रमांक म्हणजे दाखल क्रमांक. तोच शिक्क्याखाली लिहायचा आणि त्याच क्रमानं पुस्तकं कपाटात लावायची. 1 पासून 800 पर्यंत पहिलं कपाट, पुढे दुसरं.

यात हिशेब चोख राहतो. पडताळणीच्या वेळी कुठलं पुस्तक गहाळ आहे ते लगेच कळतं. पण वाचकाला याचा उपयोग शून्य. दाखल क्रमांक 1412 ला शेळीपालन, 1413 ला नाटक, 1414 ला मधुमेहाचा आहार, कारण त्या दिवशी दुकानातून गठ्ठा तसा आला. शेळीपालनाचं दुसरं पुस्तक चार वर्षांनी आलं असेल तर ते पार तिसऱ्या कपाटात. दोन्ही पुस्तकं ग्रंथालयात असूनही एकमेकांच्या शेजारी कधीच येणार नाहीत. मग सगळी भिस्त ग्रंथपालाच्या डोक्यावर. तो सेवानिवृत्त झाला की ग्रंथालयाची आठवणही घरी जाते.

पुष्कळ ठिकाणी यावर अर्धा उपाय करतात: कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, बालसाहित्य, धार्मिक असे ढोबळ गट पाडायचे आणि गटाच्या आत दाखल क्रमांकानं लावायचं. कादंबऱ्या वाचणाऱ्यांचं त्यावर भागतं. अडचण होते ती 'इतर' किंवा 'संकीर्ण' नावाच्या कपाटाशी. कायदा, शेती, आरोग्य, गणित, कुस्ती, पाककृती सगळं त्यात कोंबलेलं असतं. माझ्या मते ग्रंथालयाची खरी परीक्षा त्या एका कपाटावर घ्यावी.

## गट नंबरासारखा आकडा

1876 साली मेल्विल ड्यूई नावाच्या 24 वर्षांच्या अमेरिकन माणसानं एक 44 पानांची पुस्तिका छापली. तो ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होता. त्या काळी पुस्तकाला नंबर मिळायचा तो कपाटाचा आणि खणाचा. खण भरला की पुढची सगळी पुस्तकं हलवा, नंबर खोडा, पुन्हा लिहा. ड्यूई म्हणाला, नंबर लाकडाला देऊ नका, विषयाला द्या. मग कपाट बदला, खोली बदला, इमारत बदला, पुस्तकांचा आपापसातला क्रम बदलत नाही.

त्यानं सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले. 000 ला सर्वसामान्य (विश्वकोश इथे, आणि पुढे संगणकही इथेच आला), 100 ला तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, 200 धर्म, 300 समाजशास्त्रं, 400 भाषा, 500 शुद्ध विज्ञान, 600 उपयोजित विज्ञान, 700 कला आणि खेळ, 800 साहित्य, 900 इतिहास-भूगोल. प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. तीन आकडे झाले की टिंब द्यायचं आणि हवं तितकं पुढे जायचं.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगायला लागत नाही, कारण सातबारा असाच चालतो. गट नंबर 112 ची वाटणी झाली की 112/1 आणि 112/2 होतात. थोरल्याच्या हिश्श्यात पुन्हा वाटणी झाली की 112/1/अ, 112/1/ब. घरात कितीही वाटण्या होऊ द्या, शेजारच्या 113 वाल्याला आपला नंबर बदलावा लागत नाही. ड्यूईचा टिंबानंतरचा पसारा हेच करतो. 630 म्हणजे शेती, 633 म्हणजे शेतातली पिकं, 633.5 म्हणजे धाग्याची पिकं, 633.51 म्हणजे कापूस. उद्या कापसावर आणखी बारीक विषयाची पन्नास पुस्तकं आली तर 633.51 च्या पुढे आकडे वाढतील. 633.61 चा ऊस जिथे आहे तिथेच राहील.

फरक एवढाच की बांधाला बांध लागून असलेला शेजारी आपला भाऊबंद असेलच असं नाही. रॅकवर मात्र शेजारी हा नात्यातलाच असावा लागतो. 633.34 ला सोयाबीन, 633.51 ला कापूस, 633.61 ला ऊस: सोयाबीनचं पुस्तक काढायला गेलेल्या माणसाला हातभर अंतरावर बाकीची पिकं दिसतात. या शेजारासाठीच सगळा खटाटोप.

## 891.463 फोडून बघू

मराठी वाचनालयात सगळ्यात जास्त वेळा दिसणारा आकडा हा. 8 म्हणजे साहित्य. 89 म्हणजे युरोपातल्या मोठ्या भाषा सोडून उरलेल्या भाषांचं साहित्य. 891 म्हणजे त्यांतल्या भारोपीय कुळातल्या भाषा. 891.4 म्हणजे आधुनिक भारतीय आर्य भाषा, ज्यात 891.43 हिंदी, 891.44 बंगाली, 891.46 मराठी, 891.47 गुजराती. शेवटचा आकडा वाङ्मयप्रकाराचा: 1 कविता, 2 नाटक, 3 कथा-कादंबरी, 4 निबंध. म्हणून मराठी कविता 891.461, मराठी नाटक 891.462, आणि 891.463 मराठी कथा-कादंबरी.

आकड्याखाली आणखी एक ओळ असते, बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. कादंबरीकार देशमुख असतील तर 'देश'. एकाच नंबरच्या पाचशे कादंबऱ्यांतून आपली शोधायची ती याच अक्षरांवरून, कारण नंबर संपला की क्रम आडनावानं लागतो.

आता एक खोच, जिच्यात शिकलेली माणसंही फसतात. 633.51 आधी की 633.6 आधी? पुष्कळजण 51 मोठा म्हणून तो पुढे शोधतात आणि पुस्तक नाही म्हणून परततात. हे दशांश आहेत. टिंबानंतरचा एकेक आकडा सुटा वाचायचा: पाच हा सहाच्या आधी, म्हणून 633.51 आधी. तसंच 891.463 हे 891.5 च्या आधी येतं, नंबर लांब असला तरी.

नंबर किती लांब ठेवायचा हे ग्रंथालयानं आपल्या गरजेनुसार ठरवायचं असतं. गावच्या वाचनालयात शेतीची तीस पुस्तकं असतील तर सगळ्यांना 630 पुरे. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी मात्र नुसतं 630 लिहून काही साधणार नाही, कारण तिथे निम्मं ग्रंथालयच 630 मध्ये जाईल. तिथे पीक, त्या पिकावरचा रोग, त्याची मशागत असं सुटं करावंच लागतं.

## एका पुस्तकाला एकच जागा

खरी गंमत इथे आहे आणि खरी भांडणंही. पुस्तकात विषय चार असू शकतात, पण पुस्तक एका वेळी एकाच रॅकवर उभं राहतं.

ज्ञानेश्वरी घ्या. गीतेवरची टीका म्हणून ती गीतेजवळ, 294.5924 ला जाते. मराठीतलं श्रेष्ठ काव्य म्हणून 891.461 ला जाते. दोन्ही बरोबर. पारायण करणारे आजोबा ती धर्माच्या रॅकला शोधतील, मराठी एम.ए. करणारी मुलगी साहित्याच्या. ग्रंथपालाला कौल लावावा लागतो: आपल्याकडे येणारे बहुतेक लोक हे पुस्तक कशासाठी मागतात? ज्या गावात हरिनाम सप्ताह होतो त्या गावचं वाचनालय आणि महाविद्यालयाचं मराठी विभागाचं ग्रंथालय यांनी वेगवेगळी उत्तरं दिली तर त्यात चूक काहीच नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा एकाच ग्रंथालयात ज्ञानेश्वरीची एक आवृत्ती इकडे आणि दुसरी तिकडे सापडते. एकदा ठरवलं ते लिहून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकाला तोच न्याय लावायचा.

दुसरं उदाहरण जास्त नाजूक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ग्रंथ नियमानं लावले तर ते ग्रंथालयभर पांगतात. रुपयाच्या प्रश्नावरचा 1923 चा ग्रंथ 332.4 ला, चलनाच्या शेजारी. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं 1936 चं भाषण (जे त्यांना करूच दिलं नाही म्हणून त्यांनी छापून काढलं) 305.5122 ला. बुद्ध आणि धम्मावरचा, त्यांच्या पश्चात 1957 साली निघालेला ग्रंथ 294.3 ला. त्यांच्या हातून घडलेल्या संविधानावरची पुस्तकं 342.54 ला. वर्गीकरणाच्या हिशेबानं हे उत्तम आहे, आणि एका अर्थानं योग्य आहे: चलनावर अभ्यास करणाऱ्याला बाबासाहेब तिथे भेटायलाच हवेत, फक्त जयंतीच्या टेबलावर नव्हे. पण ज्या मराठवाड्यात त्यांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं आणि ज्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला 1994 उजाडलं, तिथला वाचक 'बाबासाहेबांचं कपाट कुठाय' असंच विचारणार. म्हणून कित्येक ग्रंथालयं आंबेडकर साहित्याचा वेगळा विभाग ठेवतात. मला विचाराल तर दोन्ही करावं. वेगळा विभाग ठेवावा, आणि शक्य असेल तर अर्थशास्त्राच्या ग्रंथाची दुसरी प्रत 332.4 लाही ठेवावी. माणसाला आदरानं एका कपाटात बसवलं की त्याच्या विचारांचं विषयांशी असलेलं नातं तुटतं, हा धोका लहान नाही.

दलित आत्मकथनांचं असंच. ती साहित्य म्हणून 891.46 मध्ये जातात, चरित्र म्हणून चरित्राच्या रॅकला जातात आणि समाजशास्त्र म्हणून 305 मध्येही जातात. कुठलाही नंबर द्या, त्यात एक निवाडा असतोच.

तिसरं, खास आपलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं पुस्तक कुठे ठेवाल? 954 म्हणजे भारताचा इतिहास. पुढचे आकडे प्रदेशाचे, आणि ते आजच्या राज्यांच्या सीमेवर बेतलेले. महाराष्ट्र 954.792, कर्नाटक 954.87, हैदराबाद ज्यात होतं तो आंध्र प्रदेश 954.84. पण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा, तेलंगण आणि बिदर-गुलबर्गा-रायचूरचा कानडी मुलूख हे एकाच निजामी राज्यात होते, आणि मराठवाडा तिथून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो 1956 मध्ये. लढा एक, नकाशे तीन. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं कार्य या तिन्ही भागांत पसरलेलं. आपल्याकडचे ग्रंथपाल बहुधा 954.792 देऊन मोकळे होतात, कारण त्यांचा वाचक ते पुस्तक मराठवाड्याचा इतिहास म्हणून मागतो. हैदराबादच्या ग्रंथालयात तेच पुस्तक वेगळ्या नंबरवर सापडलं तर नवल वाटू देऊ नका.

## ही पद्धत अमेरिकेची, आपल्याला का लादायची?

आक्षेप खरा आहे. 200 धर्माचा वर्ग उघडून बघा. 220 पासून 280 पर्यंत बायबल, ख्रिस्ती धर्मविचार, चर्च, त्यांचे पंथ. उरलेल्या जगाला 290. त्यातल्या 294 मध्ये बौद्ध 294.3, जैन 294.4, हिंदू 294.5, शीख 294.6, आणि पुढे 297 ला इस्लाम. ज्या मुलखात वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एका डोंगरात आहेत, नांदेडला हुजूर साहिब आहे आणि खुलताबादला सुफींचे दर्गे, तिथल्या ग्रंथालयाचं धर्माचं दालन 290 च्या दहा घरांत दाटीवाटीनं उभं आणि 220 ते 280 जवळजवळ रिकामं. साहित्याचंही तेच: इंग्रजीला 820, जर्मनला 830, आणि मराठीला 891.46. नंबर लांब, कारण ज्यानं यादी केली त्याच्या अंगणातून आपण लांब.

ड्यूई माणूस म्हणूनही वादग्रस्त. ज्यूंविषयीचा त्याचा द्वेष, वंशभेद आणि बायकांशी केलेली गैरवर्तणूक यांमुळे अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं 2019 मध्ये आपल्या मानाच्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं.

मग टाकून द्यावी का ही पद्धत? मी म्हणेन, नको. तिच्यातच वाकवायची सोय ठेवलेली आहे. आपल्या भाषेचं साहित्य 810 या पहिल्या जागेवर आणायची किंवा अंकाच्या जागी अक्षर घालून त्याला आखूड नंबर द्यायची मुभा नियमातच आहे. विषय आणि आकडे यांचे तक्तेही सतत सुधारले जातात. 23 वी छापील आवृत्ती 2011 ची, पुढचे बदल ऑनलाइन. शिवाय एका ग्रंथालयात नंबर शिकलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयात वाट चुकत नाही, हा फायदा मोठा.

आपल्याकडेही हा विचार कुणी केला नाही असं नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि बॉर्डननं तिथल्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत तयार केली. पण मुळातून वेगळा विचार केला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. जन्म 1892, पेशानं गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: पट्ट्या, चाकं, नटबोल्ट तेच, जोडाल तसं यंत्र तयार. त्यांच्या डोक्यात आलं, विषयांची तयार यादी कशाला हवी? विषयाचे भाग द्यावेत आणि पुस्तक येईल तसे जोडावेत. 1933 मध्ये त्यांची द्विबिंदू पद्धत प्रसिद्ध झाली. हे नाव कशावरून, ते खालच्या नमुन्यात मधोमध दिसेलच.

क्षयरोगाच्या पुस्तकाचा हा प्रसिद्ध नंबर: L,45;421:6;253:f.44'N5. बघून घेरी येते, पण फोडला की सरळ आहे. L म्हणजे वैद्यक, 45 फुप्फुस, 421 क्षय, 6 उपचार, 253 क्ष-किरण, f संशोधन, 44 भारत, N5 म्हणजे 1950. फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याविषयी 1950 मध्ये भारतात झालेलं संशोधन. ड्यूईच्या आकड्यात 'कशातला' हे कळतं. रंगनाथनांच्या नंबरात कोण, काय, कसं, कुठे, कधी सगळं वाचता येतं. 

तरी वाचनालयांत ड्यूई टिकला आणि द्विबिंदू मागे पडली. कारण व्यवहारी आहे. तो नंबर इवल्याशा चिठ्ठीवर मावत नाही, आणि स्वल्पविराम आधी की अर्धविराम आधी हे पाठ असल्याशिवाय शिपायाला पुस्तक जागेवर लावता येत नाही. विषय सुट्या पैलूंनी शोधायचा हा विचार मात्र संगणकाच्या काळात सगळीकडे पोचला. रंगनाथन 1972 मध्ये गेले. 12 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस मानून आपण तो ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. ग्रंथालय कसं चालावं याच्या त्यांच्या पाच सूत्रांतलं एक रॅकजवळ उभं राहिलं की रोज आठवतं: वाचकाचा वेळ वाचवा.

## संगणकावर नाव टाकलं की झालं ना?

नाव माहीत असेल तर झालं. ई-ग्रंथालय किंवा कोहासारखी प्रणाली असेल तर पुस्तक आहे की बाहेर गेलंय हे बसल्या जागी कळतं. पण पडद्यावर उत्तर म्हणून काय येतं? वर्गांकच येतो. पुस्तक शेवटी रॅकवरूनच काढायचं असतं.

आणि मराठीत शोध घेणं अजून सोपं नाही. नोंद करणाऱ्यानं ऱ्हस्व लिहिलं आणि तुम्ही दीर्घ टाइप केलं की 'एकही नोंद नाही'. गावांची नावं बदललेली: जुनी पुस्तकं मोमिनाबाद म्हणतात, आपण अंबाजोगाई शोधतो, औरंगाबाद, उस्मानाबाद या नावांनी छापलेली पुस्तकं पुढची पन्नास वर्षं रॅकवर असणारच आहेत. शब्द जुळला नाही तर यंत्र गप्प बसतं. आकडा जुन्या नावालाही तोच आणि नव्यालाही तोच.

मोठी गोष्ट वेगळी आहे. संगणक तुम्ही मागितलेलं देतो. रॅक तुम्ही न मागितलेलं दाखवतो. 628.1 ला गावच्या नळयोजनेचं पुस्तक शोधताना शेजारी पाण्याच्या तपासणीचं हाती लागतं, जे आहे हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्यासाठी वाचकाला रॅकपर्यंत जाऊ दिलं पाहिजे. ग्रंथपालांच्या भाषेत याला मुक्तद्वार म्हणतात. पुस्तकं चोरीला जातील या भीतीनं काचेच्या कपाटांना कुलूप लावून काउंटरवरून नावं विचारणारी ग्रंथालयं अजून आहेत. तिथे उत्तम वर्गीकरण केलेलं असलं तरी ते फक्त किल्ली असणाऱ्याच्या उपयोगाचं.

## आमच्याकडे पुस्तकं हजारभरच आहेत

मग पूर्ण ड्यूई नको. कथा-कादंबरी, नाटक, कविता आडनावाच्या क्रमानं लावा, बालसाहित्य खालच्या खणात, पोरांचा हात पोचेल असं. 'संकीर्ण' कपाट तेवढं रिकामं करा आणि त्यातल्या पुस्तकांना तीन आकडी नंबर द्या. 340 कायदा, 610 आरोग्य, 630 शेती, 640 घर आणि स्वयंपाक, 790 खेळ. एवढ्यावर गाव चालतं. पुढे पुस्तकं वाढली की टिंब देऊन आकडे वाढवता येतात, आधीची चिठ्ठी फाडावी लागत नाही. एक बंधन पाळा: प्रत्येक कपाटावर नुसता आकडा लिहू नका, त्याखाली 'शेती', 'आरोग्य' असं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. आकडे कर्मचाऱ्यासाठी, पाटी वाचकासाठी.

रंगानं किंवा आकारानं लावली तर छान दिसतात, हेही कुणीतरी सुचवतंच. उद्घाटनाच्या फोटोपुरतं ठीक आहे.

## वाचून झालं, मीच जागेवर ठेवलं तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं. इथे भल्या माणसाकडूनच नुकसान होतं. 633.51 चं पुस्तक 635.1 च्या मध्ये घुसलं की ते संगणकावर 'उपलब्ध' दिसतं, नोंदवहीत असतं, रॅकवरही असतं, आणि तरी कुणालाच सापडत नाही. चोरीला गेलेलं पुस्तक निदान पडताळणीत गहाळ म्हणून कळतं आणि नवं मागवता येतं. चुकीच्या जागी बसलेलं पुस्तक कुणाच्या हाती लागेपर्यंत वर्षं जातात. म्हणून ग्रंथालयात 'पुस्तके टेबलावरच ठेवावीत' अशी पाटी असते. ती खडूसपणाची नाही. टेबलावर राहिलेल्या पुस्तकांवरून कुठला विषय किती हाताळला जातो, हेही ग्रंथपालाला कळतं आणि पुढच्या खरेदीत त्या विषयाचा विचार होतो.

आणि दुष्काळावरचं पुस्तक हवं असेल तर काउंटरवर नुसतं 'दुष्काळ' म्हणू नका. विहिरीला पाणी लागत नाही म्हणून आलात, मदतकार्यावर निबंध लिहायचाय म्हणून आलात, की एखादी चांगली कादंबरी वाचायचीय म्हणून, ते सांगा. सहापैकी कुठल्या रॅककडे वळायचं हे तेवढ्यावर ठरतं.